हलक्या हाताचे उपचार : बोवेन, क्रेनिओ, अभ्यंग... सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

अशोकचौक

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच. ज्यात हाडं मोडत नाहीत, जोर लावत नाहीत, नुसत्या हलक्या हाताने अंग मोकळं करतात, अशा उपचारांबद्दल बोलायचंय. बोवेन, क्रेनिओसेक्रल (म्हणजे क्रेनिओ, डोक्याला नुसता हलका हात लावून करतात ते), लिम्फ ड्रेनेज (सूज उतरावी म्हणून अगदी हलकं चोळणं) आणि आपलं अभ्यंगसुद्धा. पुण्या-मुंबईत यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. आपल्याकडे सगळं तोंडोतोंडी कळतं, आणि त्यात खरं किती, फुगवलेलं किती हे समजत नाही. म्हणून इथे नीट लिहून ठेवू या.

माझी आई विडी कामगार. पूर्व भागात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, मान खाली, दोन्ही खांदे जरा पुढे आलेले, आणि बोटं सारखी चाललेली. हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणजे स्वयंपाक उरकून बसायचं ते दिवे लागेपर्यंत. बोटं तेवढी पळतात, बाकीचं शरीर एका जागी धरून ठेवलेलं. मानेची मागची बाजू, खांद्याच्या पात्यांमधली जागा, कंबर आणि अंगठ्याचं मूळ. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला कुठे दुखतं विचारा, याच जागांवर हात ठेवेल.

आईच्या मानेच्या मणक्यांची झीज झालीय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवले. व्यायाम बरोबरच होते, पण मान इतकी आखडलेली की ती करायलाच घाबरायची. रात्री कूस बदलली की जाग. अशात जुळे सोलापुरातल्या एक ताई बोवेन करतात असं कळलं.

तिथे नेमकं काय होतं ते सांगते, कारण ‘थेरपी’ म्हटलं की लोक काहीही कल्पना करतात. अंगावरचे सुती कपडे तसेच. तेल नाही, मलम नाही. आई पालथी झोपली. ताईंनी कमरेपासून सुरुवात केली. कण्याच्या बाजूच्या स्नायूवर अंगठा टेकवला, कातडी जेवढी सैल होती तेवढीच एका बाजूला घेतली, जरा थांबल्या, आईने श्वास सोडला तशी अंगठ्याने त्या स्नायूवरून आडवी, सावकाश फिरकी दिली. ताणलेल्या दोरीवरून बोट फिरवलं की ती किंचित सरकते आणि परत जागेवर येते, तसंच काहीसं. कमरेला, मग मांडीच्या मागे. तेवढं करून ताई खोलीबाहेर गेल्या. दोनेक मिनिटं कोणी हात लावत नाही. परत आल्या, पाठीवर आणि पात्यांच्या कडेला तेच केलं, पुन्हा बाहेर. हे थांबणं उपचाराचाच भाग आहे, शरीराला त्या हालचालीची दखल घ्यायला वेळ द्यायचा असं त्या म्हणाल्या.

शेवटी आईला उताणं केलं. एरवी ती उताणी झोपली की तिचे खांदे गादीपासून बोटभर वर राहतात, मी वर्षानुवर्षं बघतेय. त्या दिवशी ते टेकले. मी कोपऱ्यात बसून बघत होते.

रात्री आईला सलग झोप लागली. मान बरी झाली असं मी म्हणणार नाही. झीज आहे तशीच आहे. पण आखडणं कमी झालं आणि व्यायाम करायची हिंमत आली. आता व्यायाम रोज, बोवेन अधूनमधून.

थोडी माहितीही देते. टॉम बोवेन (१९१६ ते १९८२) हा ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावचा. सिमेंट कारखान्यात नोकरी करता करता लोकांच्या अंगदुखीवर उपचार करायला लागला. कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला नव्हता. १९७५ च्या तिथल्या सरकारी चौकशी अहवालात तो वर्षाला सुमारे १३ हजार रुग्ण पाहतो अशी नोंद आहे. स्वतः त्याने काही लिहून ठेवलं नाही. त्याचं काम बघून शिकलेल्या ऑसी आणि इलेन रेंच या जोडप्याने १९८० च्या दशकात त्याचे वर्ग सुरू केले, आणि तिथून हे जगभर गेलं.

आणखी कोणी असं काही घेतलंय का? कशाने गुण आला, कशाने नाही, कुठे सावध राहावं? एकच विनंती, कोणाचं नाव-नंबर धाग्यावर टाकू नका, विपू (विचारपूस, म्हणजे वेगळा निरोप) करा.

साखरपेठ

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

माझा अनुभव घरगुती आहे. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच काठ्या, पेलणाऱ्यांत मी असतो. सराव सुरू झाला की कंबर आणि खांदे भरून येतात. आमच्यातले बरेच जण तालमीत जाऊन रगडून घेतात. मला ते सोसत नाही, दुसऱ्या दिवशी अंग जास्त ठणकतं. माझी आई कोमट तेल घेऊन नुसता सपाट हात फिरवते, मानेपासून खाली कमरेपर्यंत, आणि वरून गरम पाण्याची पिशवी. सकाळी सरावाला उभा राहतो तेव्हा अंग हलकं असतं.

भोगीला ६८ लिंगांना यण्णीमज्जन होतं, देवाला तेल लागतं. त्या दिवशी आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना तेल लावून न्हाऊ घालतात. थंडीत कातडी तडकलेली असते, तेव्हा त्या तेलाचं सुख वेगळंच.

फिजिओ_होटगीरोड

अशोकचौक, तुम्ही फार नेमकं लिहिलंय, विशेषतः ‘झीज आहे तशीच आहे’ हे वाक्य. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि विडी कामगार, यंत्रमाग कामगार दोन्ही रोज बघते. मागावाल्यांचं दुखणं वेगळं असतं, उभं राहून पोटऱ्या आणि टाचा जातात. पण थकून आखडलेला स्नायू सगळीकडे सारखाच.

हलक्या हाताने बरं का वाटतं, याला कारणं आहेत. आपण कुठे आपटलो की हात आपोआप तिथे जातो आणि चोळतो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे जायच्या जागी जणू दार आहे. स्पर्शाचा निरोप आणणाऱ्या जाड नसा जाग्या झाल्या की ते दार काहीसं मिटतं. पुढच्या संशोधनात तपशील बरेच बदलले, मूळ कल्पना टिकली.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. आपल्या त्वचेत, खास करून हात-पाठीसारख्या बारीक लव असलेल्या भागात, एक प्रकारच्या मंद नसा आहेत. टोचलेलं, कापलेलं कळवणं हे त्यांचं काम नाही. सावकाश फिरणाऱ्या उबदार हाताला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. साधारण सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर एवढा वेग. याहून भरभर चोळलं किंवा हात एका जागी दाबून धरला की त्यांचा प्रतिसाद कमी होतो. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी यावर खूप काम केलंय. या नसांचे निरोप मेंदूत जिथे पोहोचतात तो भाग, कुठे शिवलं यापेक्षा शिवल्याने कसं वाटलं, याच्याशी जोडलेला आहे. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग मोजला तर याच टप्प्यात येतो.

मान दुखते म्हणून आपण ती धरून ठेवतो, धरून ठेवली की आणखी दुखते, आणि झोप उडाली की दुखणं आणखी बोचतं. हे चक्र एका जागी जरी सैल झालं तरी माणूस हालचाल करायला लागतो. तुमच्या आईंचं हेच झालं असावं. खरा टिकाऊ फायदा त्या हालचालीचा.

आता दुसरी बाजू. मसाजने कंबरदुखीला थोड्या काळापुरता आराम मिळतो, पण पुरावा कच्च्या दर्जाचा आहे, असं २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) म्हटलंय. बोवेनवर झालेले अभ्यास लहान लहान आहेत. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ मध्ये अशा उपचारांचा आढावा घेतला, त्यात बोवेनच्या परिणामाचा ठोस पुरावा सापडला नाही, आणि एप्रिल २०१९ पासून तिथल्या खासगी आरोग्य विम्यातून बोवेनचे पैसे मिळणं बंद झालं. ज्या देशात ही पद्धत जन्मली तिथली ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितली.

आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लुळा पडायला लागला, तर कोणाच्याही हाताखाली झोपू नका, थेट दवाखाना गाठा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री पडून राहिल्यावरही वाढणारं दुखणं, यातही आधी तपासणी. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला चोळायचं नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर तर जोर नकोच. आणि केस कापून झाल्यावर मान कडाकडा मोडून घ्यायची सवय असेल तर आजच सोडा. मानेतल्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

भीमाकाठ

आमच्यात हे सगळं आज्जी करायची बगा, आन् गावात कुणाचं बी करायची. करडीचं तेल, काशाची वाटी. रानातनं आलं की तळपाय धुवायचे, तेल लावायचं आन् वाटीनं घासत बसायची. पाय लई भाजायलेत म्हणलं की हेच. वाटीखालचं तेल काळं पडायचं, मग म्हणायची उष्णता निघाली. झोप कधी लागली ते कळायचंच नाही.

आता आज्जी नाही. वाटी हाय. मीच लावतो आईला.

अशोकचौक

भीमाकाठ, वाचून बरं वाटलं. तेल काळं पडतं ते काशाच्या धातूचा आणि तेलाचा घासून रंग येतो म्हणून, असं मला एका वैद्यांनी सांगितलं होतं. कारण काही का असेना, तळपायाला एवढा वेळ कोणी हात लावतं हीच मोठी गोष्ट.

आणि करडईचं तेल हे तर आपलंच. अखिल भारतीय करडई संशोधन प्रकल्पाचं केंद्र सोलापुरात आहे ते उगीच नाही. रब्बीत ज्वारीच्या कडेला काटेरी करडईच्या ओळी बघतच आपण लहानाचे मोठे झालो.

फिजिओताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. विम्याचं मला ठाऊक नव्हतं.

जुळेसोलापूर_७

कडू अनुभव लिहितोय, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

वडिलांना गुडघेदुखी आणि रक्तदाब. एका केंद्रात (नाव देत नाही) पहिल्या दिवशी छान हलक्या हाताने मालिश झाली, वडील खूश. दुसऱ्या वेळी तिथल्या माणसाने मोठं पॅकेज घ्यायला लावलं, पैसे आगाऊ. तिथवर ठीक. मग म्हणायला लागला की शरीरातले अडथळे निघाले की रक्तदाबाची गोळी लागणार नाही, हळूहळू बंद करा. वडिलांनी ऐकलं. घरात कोणाला सांगितलं नाही. सकाळी चक्कर येऊन बसले तेव्हा कळलं. डॉक्टरांनी मोजलं तर रक्तदाब भयंकर वाढलेला. नशिबाने पुढे काही झालं नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

मालिश वाईट नव्हती हो. हात चांगला होता त्या माणसाचा. पण हात चांगला म्हणून तो गोळ्यांवर बोलायला लागला, हे मला अजून पचत नाही.

साखरपेठ

बाप रे. काळजी घ्या वडिलांची.

फिजिओ_होटगीरोड

जुळेसोलापूर, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. चालू गोळी बंद करा असं म्हणणाऱ्याच्या टेबलावरून तिथल्या तिथे उठावं. फिजिओथेरपीसाठी आपल्या राज्यात परिषद आहे, २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही हा व्यवसाय नोंदणीखाली आणला आहे, त्यामुळे फिजिओला त्याचा नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. बोवेन, क्रेनिओ, रेकी यांना आपल्याकडे अशी सरकारी नोंदणी नाही. शिकवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र एवढंच. तेव्हा माणूस पारखून घ्यावा लागतो. काय शिकलात, किती दिवस शिकलात, कोणाला हात लावत नाही, हे विचारायचं. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याकडे जाऊ नका.

बायकांसाठी आणखी एक. सोबत कोणी बसलेलं चालेल का हे आधीच विचारा. चांगला उपचारक नाही म्हणत नाही. कुठे हात लागणार ते आधी सांगतो आणि थांबा म्हटलं की थांबतो.

बाळाचीआई_विजापूररोड

मध्येच विचारते, चालेल ना? माझं बाळ सव्वा महिन्याचं आहे. मालिशवाल्या मावशी येतात. बाळ खूप रडतं, मावशी म्हणतात रडलं की फुप्फुसं मोकळी होतात. त्या नाकात तेल सोडतात, छाती पिळतात, पाय धरून उलटं करतात. सासूबाईंना त्यांच्यावर विश्वास आहे. मला बघवत नाही. काय करू?

निवृत्त_सिस्टर

बाळा, आधी तुझं बरोबर आहे एवढं लक्षात ठेव. मी सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात नोकरी केली.

नाकात, कानात, बेंबीत तेल घालायचं नाही. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बाळाची छाती पिळायची नाही, मुलगा असो की मुलगी. जन्मानंतर आईच्या संप्रेरकांमुळे छाती जरा फुगलेली असते, आपोआप उतरते, पिळली तर पिकते. उलटं धरणं, हात-पाय झटकन ओढणं, हेही नाही. आणि रडणं म्हणजे बाळाचं नको म्हणणं.

आता मालिश कशी? दूध पिऊन झाल्यावर थोडा वेळ जाऊ दे. खोली उबदार, तुझे हात धुतलेले, नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट कर, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघ. आधी पाय, कारण पायाला हात लावलेला बाळाला लवकर चालतो. मांडीपासून टाचेपर्यंत हात सरळ येऊ दे. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या दिशेने, आतड्याची वाट तशीच आहे. मग हात, मग पालथं घालून पाठ. बाळाकडे बघत बोलत राहायचं. त्याने तोंड फिरवलं, आळोखेपिळोखे देऊन कुरकुरलं, की आजचं पुरे. तेल खोबऱ्याचं किंवा सूर्यफुलाचं घे, मोहरीचं नको, कोवळ्या कातडीला ते झोंबतं. बाळ कमी वजनाचं असेल किंवा अंगावर पुरळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस.

हाताच्या मायेने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला आपण कांगारू मातृसेवा म्हणतो. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी घेतल्यावर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झालेले दिसले. आमच्याकडे वडीलही शर्ट काढून बाळ घेऊन बसायचे. सुरुवातीला लाजायचे, मग उठवून लावावं लागायचं.

मावशींना काढून टाकू नकोस. त्यांचा हात तरबेज असतो. सासूबाईंच्या देखत प्रेमाने सांग, की नाकात तेल आणि छाती पिळणं डॉक्टरांनी बंद केलंय, बाकी तुम्हीच करा.

बाळाचीआई_विजापूररोड

सिस्टर, डोळ्यांत पाणी आलं. उद्याच सांगते. नवऱ्यालाही वाचायला दिलंय.

तर्कनिष्ठ

बाळांच्या मालिशबद्दल वाद नाही. पण सुरुवातीला क्रेनिओसेक्रलचं नाव आलंय म्हणून लिहितो. हाडवैद्यकीतले, म्हणजे ऑस्टिओपॅथीतले विल्यम सदरलँड यांची कवटीच्या हाडांबद्दलची कल्पना जॉन अपलेजर यांनी १९७० च्या दशकात पुढे नेली. म्हणणं असं, की मेंदूभोवतीच्या द्रवाची एक लय असते आणि ती बोटांना जाणवते, ती दुरुस्त केली की आजार जातात. दोन उपचारकांनी एकाच माणसाची ही लय मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. मग दुरुस्त काय करतात? लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे.

निवांत_सातरस्ता

मी क्रेनिओ घेतलंय, पुण्याला बहिणीकडे असताना, अर्धशिशीसाठी. बाईंनी डोक्याखाली दोन्ही तळहात ठेवले आणि तशाच बसून राहिल्या. बराच वेळ. मला झोप लागली. अर्धशिशी गेली नाही, पण त्या आठवड्यात माझं चित्त जितकं शांत होतं तितकं घरात सासऱ्यांच्या आजारपणापासून कधी नव्हतं. घरात मी सगळ्यांना हात लावते, औषध देते, पाय चेपते. मला कोणी हात लावून, काहीही न मागता, तेवढा वेळ बसलेलं नव्हतं. द्रवाची लय खोटी असेल तर असू दे. मी पैसे त्या तासाचे दिले आणि ते मला जास्त वाटले नाहीत.

तर्कनिष्ठ

तुमचा अनुभव मी नाकारत नाही, ताई. माझा आक्षेप दाव्याला आहे. ‘तासभर शांत पडून राहा, बरं वाटेल’ एवढंच सांगून कोणी पैसे घेतले तर माझी काहीच हरकत नाही.

निवांत_सातरस्ता

मग आपलं जुळतं.

अशोकचौक

दोघांचं वाचून मला जे म्हणायचंय ते मोकळेपणाने लिहिते.

मला वाटतं हलक्या हाताकडून आपण जे मागतो त्यातच सगळं आहे. झोप मागा, आखडलेलं अंग सैल होणं मागा, दुखण्याची भीती कमी होणं मागा, तासभर कोणीतरी आपल्याकडे लक्ष देणं मागा. हे तो देतो, आणि हे काही थोडं नाही. आमच्या आयांनी आयुष्यभर विड्या वळल्या, त्यांच्या अंगाला लागलेले हात म्हणजे लेकरांचे आणि नवऱ्याचे. त्यांच्या पाठीला कोणी सावकाश हात लावला तर त्यात चैन कसली? पण झिजलेला मणका भरून ये, साखर उतर, गोळी सुट, असं मागायला गेलं की मधे कोणीतरी फसवणारा उभा राहतो, जुळेसोलापूर यांच्या वडिलांपुढे राहिला तसा.

आणि दुसरं. वातानुकूलित खोलीत, मंद संगीत लावून हेच झालं की आपण मुकाट्याने मागतील तेवढे पैसे देतो. घरी येऊन बाळंतिणीला तेल लावणाऱ्या अक्काशी मात्र घासाघीस करतो. ती पहाटेपासून घरं करते, शेगडी पेटवते, ओवा-शेपाची धुरी देते, बाळ-बाळंतीण दोघांना न्हाऊ घालते. तिचे स्वतःचे खांदे कोण बघतं? सिस्टरांसारख्या जाणत्या माणसांनी या बायकांना काय करायचं नाही एवढं जरी नीट शिकवलं, तरी सोलापुरात घरोघर उत्तम उपचारक तयार आहेत. मला हे मनापासून वाटतं.

भीमाकाठ

+१. आज्जीला कुणी पैसे दिले नाहीत. पायलीभर ज्वारी द्यायचे.

निवृत्त_सिस्टर

मी तयार आहे शिकवायला. जागा बघा.

मुलगा_भवानीपेठ

वडिलांना मधुमेह आहे, जुना. तळपाय बधिर झालेत. ते काशाची वाटी मागताहेत. करू का?

फिजिओ_होटगीरोड

वाटी नको. बधिर पायाला घासलेलं, भाजलेलं, सोललेलं कळत नाही, आणि लहान जखम चिघळून पाय गमवायची वेळ येते. गरम पाण्याचा शेकही नको. रोज संध्याकाळी उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा, लालसर डाग, फोड, चीर असेल तर दवाखाना. कातडी कोरडी असेल तर साध्या हाताने थोडं खोबरेल, बेचक्यांत नाही. पोटरीपासून वर गुडघ्यापर्यंत मात्र सपाट हाताने सावकाश तेल लावा, तिथे त्यांना कळतं आणि बरंही वाटेल. जखम किंवा सूज असेल तर तेही नको. अनवाणी फिरू देऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर अंगणातसुद्धा नाही.

मुलगा_भवानीपेठ

समजलं. आभार. वाटी उचलून ठेवली.

अशोकचौक

सिस्टर, जागा मिळाली. आमच्या गल्लीतल्या समाजमंदिराचा हॉल रविवारी दुपारी रिकामा असतो, किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. विड्यांचा माल देऊन बायका मोकळ्या होतात तीच वेळ धरू. फिजिओताई, तुम्ही मानेचे आणि अंगठ्याचे व्यायाम दाखवाल का? एकमेकींच्या खांद्यांना कसा हात लावायचा एवढंच त्या दिवशी शिकायचं, बाकी पुढच्या वेळी. मालिशवाल्या दोन अक्कांना मी स्वतः जाऊन बोलावते, त्यांचा त्या दुपारचा रोज आम्ही वर्गणीतून देऊ.

येणाऱ्यांनी एक चादर आणि जुना टॉवेल आणायचा. हॉलमध्ये गाद्या नाहीत. तेल मी आणते, करडईचं. विडी घरकुलातून कोणी येणार असेल तर रिक्षाचं बघता येईल, विपू करा.

फिजिओ_होटगीरोड

येते. खुर्च्या किती आहेत तेवढं कळवा, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना खुर्चीवर बसवून करू.

अशोकचौक

प्लास्टिकच्या वीसेक आहेत. दोन मोडक्या, त्या बाजूला काढून ठेवते.